झाडाशी संवाद, हातोडीसह

३ फेब्रुवारी, सकाळ

जिन्यात नोटीस लागली आहे. आवारातलं झाड तोडून तिथे गाड्या लावायला जागा करायची, असा प्रस्ताव. मार्चमध्ये मतदान. खाली सेक्रेटरीची सही. झाडाला 'अडथळा' म्हटलंय. ज्या माणसाच्या स्कूटरचा आरसा दोन वर्षं तुटलेला आहे, त्याला अडथळे दिसतात कुठून?

बायको नोटीस वाचून तिथेच उभी राहिली. शेवटी मी खाली जाऊन तिला वर आणलं. चहा झाला नाही. म्हणजे मला मिळाला नाही.

गेल्या वर्षी ऑपरेशननंतर ती बरेच महिने पलंगावर होती आणि तिथून खिडकीत तेवढं एक झाड दिसायचं. त्याच्याकडे बघत बघत मी उठून बसले, असं ती सगळ्यांना सांगते. त्याच काळात मी रोज सूप गरम करून देत होतो, ते कुणाला सांगत नाही. असो.

३ फेब्रुवारी, संध्याकाळ

बायको घरोघरी जाऊन आली. डेंटिस्टकाका (तिसरा मजला, रिटायर्ड, पण अजून बोलताना माणसाच्या दातांकडेच बघतात) म्हणाले म्हणे, पोरी, तू निर्धास्त राहा, मी बसलोय. तळमजल्याच्या आजी म्हणाल्या, झाड गेलं तर मी खिडकीतून बघू काय, सेक्रेटरीचं टक्कल? बाकीच्यांनीही हो म्हटलं. बायको खूश. म्हणाली, झालं काम, आता सभेत फक्त हात वर करायचे.

मला हसू आलं. लोकांचं हो म्हणजे काय, बाई दारात आली म्हणून म्हटलेलं हो. मुळातून नातं जुळायला हवं. माणूस आणि निसर्ग यांच्यामधली तुटलेली तार कुणीतरी जोडायला हवी. ते घरोघरी फिरून होत नसतं. त्याला कलाकार लागतो.

रात्री जेवताना तिला म्हटलं, आता हे माझ्यावर सोड. ती जेवायची थांबली. बहुतेक भरून आलं असावं.

५ फेब्रुवारी

उपक्रमाचं नाव ठरलं : 'झाड : एक संवाद'. आधी कार्यशाळा, मग प्रदर्शन, आणि प्रदर्शनातच मतदान. सहा आठवड्यांत ही इमारत बदललेली असेल.

दिवसभर पोस्टर केलं. माझा फोटो समोर, मागे झाड. झाड थोडं आउट ऑफ फोकस आलंय, पण त्यामुळे गूढ वाटतं. बायको म्हणाली, झाड कुठंय? दाखवलं.

सेक्रेटरीला भेटून हॉल मागितला. वाटलं फाटे फोडेल. पण लगेच हो म्हणाला. वर म्हणाला, तुम्ही मनावर घेतलंय म्हटल्यावर मला काही काळजी नाही. माणूस वाटतो तितका वाईट नाही.

९ फेब्रुवारी

पहिली कार्यशाळा. 'मौनातून झाड ऐकणे'.

उपस्थिती : बायको, डेंटिस्टकाका, आजी. पैकी आजी त्यांच्या खिडकीतच बसल्या होत्या, त्यामुळे त्या आल्या की आम्ही त्यांच्याकडे गेलो हे सांगता येत नाही. डेंटिस्टकाकांनी मौन म्हटल्यावर कानातलं मशीन काढून खिशात ठेवलं. त्यामुळे कार्यक्रम संपल्याचं त्यांना फार उशिरा कळलं.

सगळ्यांना खोडाला पाठ टेकून बसायला सांगितलं. मी खुर्ची घेतली, कारण सूत्रधाराला सगळं दिसायला हवं. शिवाय खोडावर मुंग्या होत्या. मुंग्यांना माझा विरोध नाही, पण त्यांनी त्यांच्या जागी राहावं.

शेवटी प्रत्येकाला विचारलं, झाड काय म्हणालं? काका म्हणाले, काय? आजी म्हणाल्या, मला तर म्हणालं, या माणसाला घरात काम नाही का.  बायकोचे डोळे मिटलेले होते आणि हात खोडावर होता. तिला एकाग्रता जमत नाही, मध्येच अशी हरवते.

१० फेब्रुवारी

निश्चय : उद्यापासून रोज पहाटे झाडाखाली बसून स्केच. कलाकाराने आधी स्वतः रुजावं.

११ फेब्रुवारी

गजर झाला नाही.

१२ फेब्रुवारी

गजर झाला.

१३ फेब्रुवारी

पहाटे हवा फार दमट असते. कागद फुगतो. फोटोवरून स्केच केलं. फोटोत मुंग्या नसतात, हा एक फायदा आहे.

१६ फेब्रुवारी

आजचा दिवस लक्षात राहील!

दुसरी कार्यशाळा. 'पर्णमुद्रा'. पद्धत सोपी आणि प्राचीन. सुती कापड पसरायचं, त्यावर ताजं हिरवं पान ठेवायचं, वर दुसरं कापड, आणि हातोडीने ठोकायचं. पानाचा रस कापडात उतरतो आणि शीर न् शीर उमटते. पान ताजंच हवं. झाडावरून तोडलं की लगेच. जमिनीवर पडलेल्या पानात रस नसतो.

पहिली दहा मिनिटं तिघेच होते. मग ठोकाठोकीचा आवाज वरपर्यंत गेला आणि लोक भांडायला खाली आले. मी शांतपणे एकेकाच्या हातात हातोडी दिली. काय सांगू! एक शिक्षिका आहे दुसऱ्या मजल्यावर, एरवी वाऱ्याने हलावी अशी. तिने एका पानाचा असा काही भुगा केला की मी एक पाऊल मागे सरलो. म्हणाली, सर, किती मोकळं वाटतंय हो. डेंटिस्टकाका तर घरून स्वतःची छोटी हातोडी घेऊन आले. ही कशासाठी वापरत होता, असं विचारायचं मी टाळलं.

सेक्रेटरीसुद्धा आला. बाह्या सरसावून बसला. अंगठा ठेचला. तरी उठेना.

याला म्हणतात निसर्गाशी जोडलं जाणं. इतकी वर्षं ही माणसं त्या झाडाखालून नुसती जात येत होती, आज प्रत्येकाने त्याला हात लावला.

आवरताना बायको म्हणाली, हात पोचतो तिथपर्यंतच्या फांद्या उघड्या पडल्यात. मी म्हटलं, वर आहेत की.

२० फेब्रुवारी

लोकाग्रहास्तव पर्णमुद्रा पुन्हा. या वेळी उशांचे अभ्रे. सेक्रेटरीने स्वतःहून शिडी आणून दिली. म्हणाला, वरची पानं जास्त रसरशीत असतात. या माणसात झालेला बदल ही माझ्या उपक्रमाची खरी पावती आहे.

२३ फेब्रुवारी

पुन्हा. शेजारच्या इमारतीचे लोकही आले. आता टेबलक्लॉथ, पडदे. शिक्षिका रोज विचारते, सर, आज ठोकायचं का?

लेकीचा फोन. ती परगावी असते, पण दूर राहून माणूस किती प्रश्न विचारू शकतं! बाबा, आई कशी आहे? म्हटलं, छान. काय करते? म्हटलं, खिडकीत असते. काय बोलते? म्हटलं, हल्ली फारसं नाही, माझ्या कामाचा तिच्यावर परिणाम होतोय. लेक म्हणाली, तेच विचारतेय.

२ मार्च

एक अनपेक्षित लाभ. आजींच्या स्वयंपाकघरात ऊन आलं. म्हणाल्या, लग्न होऊन आले तेव्हापासून या घरात दिवसा दिवा लागायचा, आज बिनदिव्याची सुई ओवली. हातातली सुई दाखवली, दोरासुद्धा दाखवला. डेंटिस्टकाकांचे कपडे दुपारपर्यंत वाळायला लागलेत. म्हणाले, आता मोजे दमट नसतात, बघा, आयुष्यात काहीतरी कमी होतं ते हेच. शिक्षिकेच्या बाल्कनीतून आता थेट टेकडी दिसते.

सगळे किती आनंदात आहेत. कलेने घराघरात प्रकाश पडतो असं आपण भाषणात म्हणतो, इथे प्रत्यक्ष पडला. हे वाक्य माहितीपत्रकात घ्यायचं.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, अहो, तुम्हाला कळतंय का ते सगळे काय म्हणतायत? म्हटलं, कळतंय ना, खूश आहेत. ती उठून आत गेली. कौतुक करायला जीभ रेटत नाही काही माणसांची.

६ मार्च

सेक्रेटरी जिन्यात भेटला. हवा कशी छान खेळती झालीये, म्हणाला. मी नम्रपणे मान झुकवली.

८ मार्च

संकट. पर्णमुद्रा तपकिरी पडल्या. सगळ्याच.

पहिला अभ्रा शिक्षिकेने आणून दाखवला. त्यावर हिरवी पानं होती, आता कुणीतरी चहा सांडल्यासारखे डाग आहेत. मग रांगच लागली. टेबलक्लॉथ, पडदे, एक पायजमा. डेंटिस्टकाका म्हणाले, तुम्ही आमच्या तोंडाला पानं पुसलीत. मग हसले. दाताच्या डॉक्टरने एवढं तोंड उघडून हसू नये, आतलं सगळं काम दिसतं.

त्यांचं म्हणणं, कापड आधी तुरटीच्या पाण्यात भिजवायला हवं होतं म्हणजे रंग धरला असता, त्यांनी व्हिडिओत पाहिलं. मलाही माहीत होतं. बायकोने पहिल्याच दिवशी तुरटी आणून ठेवली होती. पण मी तत्त्व म्हणून वापरली नाही. निसर्ग आणि माणूस यांच्यामध्ये तुरटी कशाला?

लोकांना समजावलं की हा 'स्मृतीचा रंग' आहे. शिक्षिका म्हणाली, सर, स्मृती धुऊन निघेल का?

९ मार्च, सकाळ

निर्णय झाला. प्रदर्शनात तपकिरी डाग मांडणार नाही. सगळी कामं नव्याने, ताज्या पानांची, अगदी आदल्या दिवशी. म्हणजे उद्घाटनाला हिरवीगार. शिवाय एक मोठी चादर, 'महापर्ण', सगळ्यांनी मिळून ठोकलेली, भिंतभर. तुरटी वापरणार नाही. आता माघार घेतली तर आधी चुकलो असा अर्थ निघेल.

९ मार्च, दुपार

बायकोशी बोलणं. खरं तर तीच बोलली, आणि बऱ्याच दिवसांनी बोलली म्हणून मीही ऐकलं. म्हणाली, आता त्या झाडाला हात लावू नका. मी तुमच्याकडे आयुष्यात फारसं काही मागितलं नाही, हे मागते. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

मी शांतपणे समजावलं. अगं, पानं पुन्हा येतात. तो तर निसर्गाचा सगळ्यात मोठा धडा आहे. ती म्हणाली, कधी येतात? मी म्हटलं, निसर्गाकडे कॅलेंडर नसतं. ती म्हणाली, सेक्रेटरीकडे आहे.

तिला मोठं चित्र दिसत नाही. मोठं चित्र बघायला थोडं लांब उभं राहावं लागतं, आणि ती अगदी जवळ उभी आहे.

११ मार्च

मतदानाची कल्पना सुचली. आंघोळीत. तसाच बाहेर आलो.

हात वर करणं ही किती दरिद्री पद्धत! शाळेत लघवीला जायला करतो तसं. त्याऐवजी हॉलमध्ये एक लांब दोरी. ज्याला झाड हवं त्याने दोरीवर हिरवं पान अडकवायचं, नको त्याने वाळलेलं. मतदान हीच कलाकृती! शेवटी दोरीच सांगेल, माणूस निसर्गाच्या किती जवळ आला ते.

वाटलं, सेक्रेटरीला पटणार नाही. तो खुर्चीतून उठून उभा राहिला आणि माझा हात हातात घेतला. म्हणाला, सुंदर. फक्त नियम लिहून द्या, नंतर कुणी गडबड नको करायला. मी तिथल्या तिथे लिहून दिले. पान याच झाडाचं हवं, दुसरं चालणार नाही. बाजारातला पाला आणून अडकवला तर ती फसवणूक होईल, कलेची आणि झाडाची.

घरी सांगितलं. बायको भांडी घासत होती. नळ बराच वेळ चालू राहिला.

१८ मार्च

उद्याची तयारी. महातोडणी. शिडी, दोर, आणि शेजारच्या इमारतीतला एक व्यायामपटू, जो वरपर्यंत चढला. सगळ्यांनी आपापल्या टोपल्या भरल्या.

हॉलमध्ये दिवसभर ठोकाठोकी. महापर्ण पूर्ण झालं. हिरवंगार. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, तसं ते रसाच्या वासानेही येतं.

बाहेर येऊन वर बघितलं. पहिल्यांदाच झाडाची खरी आकृती दिसली. फांद्यांची रेषा न् रेषा. पानांमुळे इतकी वर्षं झाकलं गेलं होतं बिचारं. मतदानासाठी एक टोपली हिरवी पानं बाजूला काढून, ओलं फडकं टाकून ठेवली आहेत. मी कुठलीही गोष्ट विसरत नाही.

बायको आज जेवली नाही. पित्त असावं.

१९ मार्च, सकाळ

भाषण पाठ. सदऱ्याला इस्त्री स्वतः केली, कारण करायला कुणी आलं नाही. विषय : 'मी झाड झालो तेव्हा'.

१९ मार्च, रात्री

क्रमाने लिहितो, म्हणजे माझा दोष कुठेच नव्हता हे मलाच नीट दिसेल.

उद्घाटन झालं. हॉल भरला. पेपरच्या वार्ताहर बाई आल्या. कुणीतरी खरोखर आलं की कसं वागावं ते मला माहीत आहे. मी त्यांना महापर्णाची प्रक्रिया सांगितली. त्या म्हणाल्या, मी करून बघू? आता नाही म्हणणार का? टोपलीतलं एक पान दिलं. मग त्यांच्या फोटोग्राफरला एक. मग सगळ्यांनाच पुन्हा हुरूप आला. शिक्षिका हातोडी घेऊन तयारच होती. मी मुलाखत देत होतो. मागे ठोकाठोकी ऐकू येत होती आणि मी वार्ताहर बाईंना म्हणालो, ऐका, हा लोकांच्या हृदयाचा आवाज आहे. त्यांनी ते लिहून घेतलं.

मुलाखत संपली तेव्हा टोपलीत ओलं फडकं होतं.

मग मतदान. वाळलेली पानं भरपूर. आवारात त्यांचा ढीगच आहे, सेक्रेटरीने पोतं भरून आत आणून ठेवलं होतं, व्यवस्थित. हिरवं पान एकही नाही. डेंटिस्टकाका टोपलीत हात घालून बराच वेळ चाचपडत होते, जणू अक्कलदाढ शोधतायत. मग माझ्याकडे आले. म्हणाले, हिरवं द्या हो एक. मी म्हटलं, झाडावर बघा. दोघांनी खिडकीतून वर बघितलं. काका म्हणाले, मी चाललो घरी.

आजी आल्या. पोत्यातलं वाळलेलं पान उचललं, हातात फिरवलं आणि माझ्या बायकोकडे न बघता म्हणाल्या, माफ कर गं, पण माझ्या ओट्यावर ऊन येतं आता, या वयात मला दिसायला लागलंय. अडकवलं आणि गेल्या. शिक्षिकेने टेकडी दिसते म्हणून अडकवलं. काहींनी हिरवं मिळालं नाही म्हणून मतच दिलं नाही.

शेवटी बायको घरी जाऊन आली. हातात एक हिरवं पान. तिच्या कुंडीतलं.

सगळा हॉल बघत होता. ती सरळ दोरीपाशी गेली. सेक्रेटरी खाकरला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, नियम तुमचा आहे, तुम्हीच सांगा. आता मी काय करणार? वार्ताहर बाई अजून तिथेच होत्या. नियमाच्या बाबतीत घरचं आणि बाहेरचं असं करता येत नाही. मी म्हटलं, पान याच झाडाचं हवं. बायकोने ऐकलं. मला आठवतंय, तिने पान फेकलं नाही. माझ्या सदऱ्याच्या खिशात ठेवलं, खिसा नीट केला आणि निघून गेली.

मी मत दिलं नाही. कलाकाराने तटस्थ राहावं.

दोरी दिसायला फार सुंदर झाली. सगळी एकाच रंगाची.

२० मार्च

पेपरात बातमी आली. फोटो छान आहे. मथळा : 'झाड तोडण्याचा निर्णय कलात्मक पद्धतीने'. कात्रण काढून ठेवलं. कात्री कुठे आहे ते विचारावं लागलं असतं, म्हणून फाडलं.

विचार केल्यावर चुका कुणाच्या ते स्पष्ट होतं. एक, वार्ताहर बाईंना हातोडीची हौस. दोन, व्यायामपटूने शेंड्यावर काहीतरी शिल्लक ठेवायला हवं होतं, पण व्यायाम करणारी माणसं थांबत नाहीत. तीन, ऊन.

लेकीचा फोन. नेहमी बाबा म्हणते, आज नुसतंच बोलली. म्हणाली, आईचं काम फेब्रुवारीतच झालं होतं, सगळे हो म्हणाले होते, तुम्हाला फक्त गप्प बसायचं होतं. मी म्हटलं, नुसतं हो आणि आतून आलेलं हो यात फरक असतो. ती म्हणाली, आतून काय आलं बघितलंत ना?

पिढीचा फरक आहे. मी फोन ठेवला नाही. तिनेच ठेवला.

२२ मार्च

सेक्रेटरीकडे गेलो. फेरमतदान घ्या म्हटलं. तो म्हणाला, तुमच्या सहीचे नियम आहेत, मी कसा मोडू, कलेचा अपमान होईल. चहा दिला. त्याचा अंगठा अजून काळानिळा आहे. तेवढंच समाधान.

२३ मार्च

डेंटिस्टकाकांना म्हटलं, आपण आंदोलन करू. म्हणाले, करू की. मग म्हणाले, पण मोजे बाहेर वाळत घातलेत, ते काढल्यावर.

२६ मार्च

बायको पहाटे खिडकीत उभी. मी जागा झालो तर म्हणाली, पालवी फुटलीय.

तिने मला हाक मारून सांगितलं नाही, पण बोलली, एवढं खरं. आठवडाभरात पहिलं वाक्य. मी जाऊन बघितलं. खरंच, सगळ्या फांद्यांवर तांबूस कोंब, बोटाच्या पेराएवढे. मला इतका आनंद झाला की मी म्हणालो, बघ, मी सांगत नव्हतो का, पानं पुन्हा येतात!

तिने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचं वर्णन मी करणार नाही. मी माणसांची चित्रं काढत नाही, निसर्गाची काढतो.

२७ मार्च

कोंब दाखवायला सेक्रेटरीला घेऊन गेलो. तो म्हणाला, उद्या माणूस येतोय.

२८ मार्च

सकाळीच माणूस आला. यंत्राची करवत, दोर, मदतीला दोघे. मी वरूनच बघणार होतो. पण खिडकीतून खाली बायको दिसली, झाडापाशी उभी, एकटी. अंगावर घरातलीच शाल. मी चपला घालून खाली गेलो. का गेलो ते नीट सांगता येत नाही. भाषण वगैरे काही डोक्यात नव्हतं. इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा मी त्या खोडाला हात लावला. गार होतं. मुंग्या चढल्या हातावर, झटकल्या नाहीत. तिच्या शेजारी उभा राहिलो. ती सरकली नाही, जवळही आली नाही. मला फार वाईट वाटत होतं आणि ते तिला सांगायचं होतं, पण माझी सगळी वाक्यं प्रदर्शनाची निघत होती, म्हणून गप्प बसलो.

लोक जमले. सेक्रेटरी, शिक्षिका, काका. आजी त्यांच्या खिडकीत.

करवतवाला खोडाभोवती फिरला, थाप मारली. मग लोकांना विचारलं, हे झाड कसलं? लाकूड कुठे द्यायचं ते बघायला लागेल.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. साहजिक आहे. पोस्टरवर मी, माहितीपत्रकावर मी, पेपरात झाडासोबत फोटो माझा. मी वर बघितलं. तांबूस कोंब होते, त्यांच्यावरून मला काही कळेना. मी म्हणालो, हे आपलं झाड आहे. तो म्हणाला, हो साहेब, पण कसलं?

मला माहीत नव्हतं.

मागून कुणीतरी हसलं. बायको मात्र हसली नाही. ती पुढे झाली आणि तिने त्याला नाव सांगितलं, हळू आवाजात, घरातल्या माणसाचं सांगावं तसं. पण तोवर त्याच्या मदतनिसाने करवत सुरू केली होती. मला ऐकू आलं नाही. ती वळून जिना चढायला लागली. मी मागोमाग गेलो, दारापर्यंत. ते नाव पुन्हा विचारायचं होतं.

दार आतून लावलेलं होतं. मी वाजवलं नाही.